बर्लिनच्या खोलीतले स्टॅफर्डशायर

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षे बसले. सर कधी परदेशी गेले नाहीत. पण कादंबरीत एखाद्या शहराचे नाव आले की ते हातातले पुस्तक उपडे ठेवत, भिंतीवर नकाशा टांगत आणि मगच पुढे जात. जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'मधली डोरोथिआ लग्नानंतर रोमला पोहोचते, त्या प्रकरणापाशी आम्ही आलो तेव्हा सरांनी लागोपाठ तीन तास रोमवर घेतले. परीक्षा तोंडावर आली होती आणि आम्ही मुली चुळबुळ करत होतो. शेवटी सर म्हणाले, "ही बाई रोमला गेली नसती तर तिला मिडलमार्च दिसले नसते." ते वाक्य मी वहीत लिहून घेतले आणि विसरून गेले. पुढे स्वतः शिकवू लागले, पुन्हा पुन्हा वाचू लागले, तेव्हा ते परत वर आले. आजचे व्याख्यान त्या एका वाक्याचा पाठपुरावा आहे.

जॉर्ज एलियट युरोपभर हिंडली. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स, स्पेन, प्राग. सात-आठ भाषांतले वाङ्मय ती मुळातून वाचत होती. आणि एवढे हिंडून, एवढे वाचून तिने लिहिले कोणाविषयी? सुतार, विणकर, पाणचक्कीवाला, खेड्यातला पाद्री, लहान गावातला डॉक्टर. ती युरोपात गेली आणि जवळजवळ दर वेळी परतताना आपल्याच मुलखातले कोणीतरी बरोबर घेऊन आली. असे का व्हावे, हे मला आज तुमच्याबरोबर शोधायचे आहे.

तिचा जन्म 22 नोव्हेंबर 1819 चा, वॉरिकशायरमधल्या ननीटनजवळचा. खरे नाव मेरी ॲन इव्हान्स. वडील रॉबर्ट इव्हान्स हे न्यूडिगेट नावाच्या जमीनदार घराण्याचे कारभारी. तरुणपणी त्यांनी सुतारकाम केलेले होते आणि उभ्या झाडाकडे बघून त्यात लाकूड किती निघेल ते अचूक सांगत, अशी त्यांची ख्याती होती. 1836 मध्ये आई गेली, पुढल्या वर्षी मोठ्या बहिणीचे लग्न झाले आणि घराचा भार या मुलीवर आला. लोणी काढणे, चीज करणे, फळांचे मुरंबे घालणे. या कामामुळे आपला एक हात दुसऱ्यापेक्षा रुंद झाला, असे ती पुढे मैत्रिणीला सांगत असे. त्याच घरात कॉव्हेंट्रीहून एक शिक्षक येत आणि तिला इटालियन आणि जर्मन शिकवत. मला हे चित्र फार महत्त्वाचे वाटते. लोण्याचा हात आणि जर्मन व्याकरण एकाच घरात, एकाच दिवशी. पुढच्या आयुष्यात तिने यांतले एकही सोडले नाही.

1841 मध्ये बापलेक कॉव्हेंट्रीजवळ राहायला गेले. तिथे चार्ल्स आणि कॅरा ब्रे या दांपत्याच्या मोकळ्या विचारांच्या घरात तिची ऊठबस सुरू झाली. 1842 च्या आरंभी तिने वडिलांना सांगितले, मी चर्चला येणार नाही. घरात काही महिने मोठा ताण होता. अखेर तडजोड झाली: मनात काय मानायचे ते ती ठरवील, वडिलांबरोबर चर्चला मात्र जाईल. त्यानंतर तिने हाती घेतले ते डाव्हिट श्ट्राउस या जर्मन अभ्यासकाचे येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारे पुस्तक. दोन वर्षे ती ते भाषांतर करत होती. येशूला क्रुसावर देण्याच्या प्रकरणाची चिरफाड करताना तिला इतका त्रास होई, की टोरवाल्सन या शिल्पकाराने घडवलेल्या ख्रिस्तमूर्तीची लहान प्रतिकृती समोर ठेवून ती बळ गोळा करी. 1846 मध्ये भाषांतर तीन खंडांत छापले गेले. त्यावर तिचे नाव नव्हते. मोबदला मिळाला वीस पौंड. युरोपशी तिची पहिली खरी भेट झाली ती अशी, टेबलाशी बसून, शब्दाशब्दाला अडत. युरोपची जमीन तिने तोवर पाहिलीही नव्हती.

ती पाहिली वडील गेल्यावर. 31 मे 1849 ला रॉबर्ट इव्हान्स वारले आणि पंधरवड्याच्या आत ब्रे पती-पत्नी तिला घेऊन निघाले. पॅरिस, आव्हिन्यों, नीस, जेनोआ, मिलान, मग आल्प्स ओलांडून जिनिव्हा. या प्रवासात ती बहुतेक रडवेली होती. वर्षानुवर्षे आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या मुलीला एकदम समुद्र आणि पर्वत दाखवले म्हणून दुःख हलत नाही. ब्रे परतले आणि ती जिनिव्हात एकटी राहिली. तीस वर्षांची, अविवाहित, थोड्या पैशांवर. प्रा. द ला रीव्ह यांची भौतिकशास्त्रावरची व्याख्याने ती ऐकायला जाई. दाल्बेर-द्युराद या चित्रकाराच्या घरी तिला माया मिळाली. त्याने तिचे चित्र काढले आणि पुढे हाच माणूस तिच्या कादंबऱ्यांचा फ्रेंच अनुवादक झाला. मार्च 1850 मध्ये ती परतली आणि आपण काय करायचे हे तिला पुढे हळूहळू पक्के कळले. लंडनला जायचे आणि लेखणीवर जगायचे.

लंडनमध्ये 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संपादन तिने केले, तेही नावाविना. तिथेच तिला लेखक जॉर्ज हेन्री ल्यूइस भेटला. त्याचे लग्न झालेले होते, ते मोडले होते, पण कायद्याने घटस्फोट शक्य नव्हता. 20 जुलै 1854 ला दोघे बोटीने अँटवर्पला निघाले. त्याला गटेचे चरित्र पुरे करायचे होते आणि त्यासाठी वायमारला जायचे होते. तिने त्याच्याबरोबर उघडपणे राहायचे ठरवले होते.

तिच्या युरोपप्रेमाची एक बाजू इथे उघड होते. तिच्या विद्वत्तेविषयी सगळे बोलतात, या बाजूविषयी फार थोडे. लंडनमध्ये या निर्णयानंतर सभ्य घरांतल्या बायकांनी तिला बोलावणे बंद केले. वायमारमध्ये संगीतकार फ्रान्झ लिस्ट त्यांना आनंदाने भेटत होता, आणि तो स्वतःही एका सरदार घराण्यातल्या बाईबरोबर लग्नाविना राहत होता. दोघे जेवायला बोलावले जात, बागेत फिरत, नाटकाला जात. बर्लिनमध्ये फार्नहागनसारख्या बुजुर्ग लेखकाकडे त्यांचे जाणे-येणे होते. माणसाला जिथे मान खाली न घालता चालता येते, ती जागा त्याला प्रिय होते. तिला चित्रे, संगीत, ग्रंथालये ओढून नेत होती हे खरेच. पण परक्या गावात ती नुसती एक बाई होती, आपल्या माणसाच्या हातात हात घालून चालणारी, हेही तितकेच खरे आहे. पुढे वीसहून अधिक वर्षे जवळजवळ दर वर्षी हे दोघे कुठे ना कुठे निघत, त्यामागे मला ही मोकळ्या श्वासाची गरज दिसते.

आणि आता बर्लिन. 1854-55 चा हिवाळा. कडाक्याची थंडी, भाड्याच्या खोल्या. दिवसभर तिचे स्पिनोझाच्या 'एथिक्स'चे लॅटिनमधून भाषांतर चालू आणि ल्यूइसचा गटे चालू. संध्याकाळी कॉफी झाली की आळीपाळीने मोठ्याने वाचायचे: गटे, लेसिंग, हाइने, शेक्सपिअर. मोठ्याने वाचणे हा त्या घरातला रोजचा संस्कार होता. लेसिंगचे 'नाथान' तर त्यांनी रंगमंचावरही पाहिले. अशाच एका संध्याकाळी तिने आपल्या कागदांतून काही जुनी पाने काढली. बऱ्याच आधी लिहून टाकून दिलेले, कादंबरीचे पहिले प्रकरण होऊ शकेल असे काहीतरी. त्यात स्टॅफर्डशायरमधल्या एका खेड्याचे आणि आसपासच्या शेतघरांतल्या जगण्याचे वर्णन होते. ते तिने ल्यूइसला वाचून दाखवले. त्याला वर्णनाची ताकद जाणवली. नाट्य जमेल की नाही याची मात्र त्याला शंका होती. आपण कादंबरीकडे कशा वळलो याचे टिपण तिने नंतर लिहून ठेवले, त्यात ही संध्याकाळ आहे.

मित्रहो, ती पाने तिने परदेशी का नेली असतील? प्रवासाच्या पेटीत जागा मोजकीच असते. स्पिनोझा नेला, शब्दकोश नेले, आणि त्यांच्याबरोबर हे खेडेही गेले. कॉव्हेंट्रीत ती पाने कोणाला वाचून दाखवावीशी वाटली नाहीत, लंडनमध्ये वाटली नाहीत. बर्लिनमध्ये वाटली. जे रोज डोळ्यांसमोर असते ते सांगण्यासारखे आहे असे आपल्याला वाटत नाही. खिडकीबाहेर परका बर्फ पडत असताना त्याच शेतघराचा आवाज, वास, बोली अचानक मोलाची होते. सासरी गेलेल्या मुलीला माहेरची ओवी आठवते तसे हे आहे. माहेरी असताना ती तिच्या कानावरून जातच असते.

त्या बर्लिनच्या दिवसांना लगेच कादंबरीचे फळ आले नाही. मधे आणखी एक जर्मन पुस्तक आले. रील नावाचा एक अभ्यासक पायी हिंडून जर्मन शेतकऱ्यांचे जीवन, त्यांच्या चालीरीती, त्यांचे हट्ट नोंदवत होता. त्याच्या पुस्तकांवर तिने जुलै 1856 च्या 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'त दीर्घ लेख लिहिला. लेख जर्मन शेतकऱ्यांवर आहे, पण वाचताना स्पष्ट कळते की तिच्या डोळ्यांपुढे इंग्रज शेतमजूर आहे. आपले चित्रकार आणि लेखक खेडुताला सदा हसरा, सदा गुबगुबीत दाखवतात, तो तसा नसतो, आणि ही खोटी चित्रे आपल्या सहानुभूतीला चुकीच्या जागी नेतात, अशी तिची तक्रार आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिने पहिली गोष्ट लिहायला घेतली. एका गरीब, सामान्य बुद्धीच्या पाद्र्याची गोष्ट. जॉर्ज एलियट हे नाव त्यानंतर आले.

'ॲडम बीड'चा दुसरा खंड तर जवळजवळ सगळा जर्मनीत लिहिला गेला. 1858 च्या एप्रिलपासून म्युनिक, वाटेत प्राग आणि मग सहा आठवडे ड्रेस्डेन. ड्रेस्डेनमध्ये सकाळी लवकर उठून लिहायचे आणि मग चित्रसंग्रहालयात जायचे असा क्रम होता. तिथे राफाएलची 'सिस्टिन मॅडोना' आहे. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा समोर जिवंत कोणी थोर उभे आहे अशा भावनेने तिचा ऊर इतका भरून आला, की तिथे थांबणे अशक्य होऊन दोघे घाईने बाहेर पडले. पुढे पुन्हा पुन्हा तिथे जाऊन ती बसत असे.

काही वर्षांपूर्वी मी त्या दालनात गेले होते. मॅडोनासमोर गर्दी होती. मी बराच वेळ उभी राहिले आणि मग डच चित्रांकडे गेले. लहान लहान चौकटी. चरखा, दगडी जग, फुलाची कुंडी, खिडकीतून आलेला मंद उजेड, एकटीच जेवायला बसलेली म्हातारी. मला माझी आजी आठवली, सगळ्यांची पाने उठल्यावर चुलीपुढे ताट घेऊन बसणारी. आणि त्याक्षणी 'ॲडम बीड'चे सतरावे प्रकरण माझ्यापुढे उलगडले. तिथे लेखिका गोष्ट मधेच थांबवते आणि वाचकाशी बोलते. देवदूतांची, ढगांवरच्या आकृत्यांची चित्रे जरूर काढा, पण कामाने राठ झालेल्या हातांनी गाजर खरवडणाऱ्या म्हाताऱ्यांना कलेच्या बाहेर घालवू नका, असा त्याचा भावार्थ आहे. मॅडोनासमोर तिने डोळे भरून घेतले, म्हणून डच म्हातारीविषयी बोलण्याचा तिला अधिकार आला. दोन्ही चित्रे एकाच छताखाली, आणि तिसरे चित्र तिच्या लेखणीखाली: हेस्लोप नावाचे खेडे आणि तिथला सुतार ॲडम, ज्याच्या अंगी तिच्या बापाचे बरेच काही आहे. फेब्रुवारी 1859 मध्ये कादंबरी आली आणि सारे इंग्लंड विचारू लागले, हा जॉर्ज एलियट कोण?

इटलीची कथा आणखी बोलकी आहे. 'द मिल ऑन द फ्लॉस' मार्च 1860 च्या तिसऱ्या आठवड्यात पुरी झाली आणि दोन-तीन दिवसांत दोघे निघाले. आल्प्सखालचा बोगदा तेव्हा झालेला नव्हता, मों सनीचा घाट थंडीत ओलांडायचा होता. ट्यूरिनच्या स्टेशनात साध्या पोशाखात उभा असलेला इटालियन मुत्सद्दी काउंट काव्हूर त्यांनी पाहिला. इटली एक होण्याचे ते दिवस. रोमने आधी तिची निराशा केली. स्टेशनापासून हॉटेलपर्यंतचे कळाहीन रस्ते पाहून, हेच का ते, असे तिला झाले. रोम तिच्यापुढे हळूहळू उघडले. फ्लॉरेन्सला ल्यूइसच्या वाचनात साव्होनारोला या बंडखोर धर्मोपदेशकाची हकीकत आली आणि तो म्हणाला, यात तुझी ऐतिहासिक कादंबरी आहे.

तिने ते मनावर घेतले. सान मार्कोच्या मठात आतल्या भागात बायकांना प्रवेश नव्हता. फ्रा आंजेलिकोची जी भित्तिचित्रे आतल्या कोठड्यांत होती ती पाहायला ल्यूइस गेला, आणि त्याने आणलेल्या टिपणांवर तिला समाधान मानावे लागले. त्या दारापाशी थांबलेल्या बाईचा विचार माझ्या मनातून जात नाही. साव्होनारोलाच्या मठावर जी कादंबरी लिहिणार होती, तिला त्या मठाचे अंतरंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागले.

पण फ्लॉरेन्सहून परतल्यावर काय झाले? 'रोमोला'ची जुळवाजुळव चालू असताना एक दुसरीच गोष्ट मधे घुसली. लहानपणी कधीतरी पाहिलेला, पाठीवर पिशवी घेऊन वाकून चालणारा एक विणकर तिला दिसू लागला. फ्लॉरेन्स बाजूला राहिले आणि काही महिन्यांत 'सायलस मार्नर' लिहून झाली. एप्रिल 1861 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्यात ती साव्होनारोलासाठी पुन्हा फ्लॉरेन्सला निघाली.

'रोमोला' 1862-63 मध्ये 'कॉर्नहिल' मासिकातून क्रमशः आली. त्यासाठी तिला सात हजार पौंड मिळाले. तिने पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचे कपडे, बाजार, म्हणी, दिवाणी दावे सगळे वाचून काढले. आपण ही कादंबरी तरुणपणी सुरू केली आणि म्हातारी होऊन संपवली, असे ती म्हणे. मी ती तीनदा वाचली आहे. तिच्याविषयीचा माझा आदर प्रत्येक वेळी वाढतो आणि प्रत्येक वेळी मी दमते. या एका पुस्तकात ती युरोपात राहिली आणि घरी आली नाही. स्पेनच्या प्रवासानंतरच्या 'द स्पॅनिश जिप्सी' या काव्याविषयीही मला हेच म्हणायचे आहे.

म्हणून मी 'मिडलमार्च'कडे परत येते. सरांनी तीन तास घेतले ते विसावे प्रकरण. एकोणीस-वीस वर्षांची डोरोथिआ लग्नानंतर रोममधल्या खोलीत एकटी बसून रडते आहे. नवरा, कॅसॉबन, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. जगातल्या सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली त्याला शोधून काढायची आहे. बाहेर ते प्रचंड शहर: पडके स्तंभ, देवळांवर बांधलेली चर्चे, नाताळासाठी सेंट पीटरमध्ये लावलेली लाल वस्त्रे. साध्या इंग्रज घरात, थोड्याशा धर्मपुस्तकांवर वाढलेल्या मुलीवर हे सारे एकदम कोसळते. तिला त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि ज्याने लावून द्यायचा तो विद्वान तिला फक्त माहिती देतो. रोमचे अवशेष आणि तिचे लग्न यांतला फरक तिच्या मनात पुसट होऊ लागतो. 1860 मधल्या त्या कळाहीन रस्त्यांची निराशा अकरा वर्षांनी इथे येऊन पोहोचली आहे. एलियटपाशी भाषा होत्या, वाचन होते, शेजारी ल्यूइस होता. डोरोथिआला तिने यांतले काहीच दिले नाही. स्वतःच्या हातातली शिदोरी काढून घेतली तर रोम कसे दिसेल, हे तिने लिहिले.

आणि पुढच्याच प्रकरणात ती भयंकर गोष्ट उघडकीस येते. कॅसॉबनचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ सहज बोलून जातो की जर्मन अभ्यासक या विषयात कधीच पुढे निघून गेले आहेत आणि कॅसॉबनला जर्मन येत नाही. एका माणसाचे सगळे आयुष्य त्या एका वाक्यात वाया जाते. हे वाक्य लिहिणारी बाई लोण्याच्या हातांनी जर्मन शिकलेली होती, श्ट्राउस आणि तत्त्वज्ञ फॉयरबाख तिने इंग्रजीत आणले होते. दुसऱ्याची भाषा न शिकता जगाची किल्ली शोधणे म्हणजे काय, ते तिच्याइतके कोणाला कळणार? तरीही ती कॅसॉबनला चिरडत नाही. त्याची भीती, रात्री दिवा जळत ठेवून बसणे, हे ती आतून सांगते. मला वाटते, बर्लिनमध्ये हाती घेतलेले आणि प्रकाशकाशी बिनसल्यामुळे पडून राहिलेले तिचे स्वतःचे स्पिनोझाचे हस्तलिखित तिला तेव्हा आठवत असेल. ते छापले गेले 1981 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर एकशे एक वर्षांनी.

आपल्याकडे 1960 मध्ये 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन आले आणि युरोपप्रवास मराठी घराघरांत पोहोचला. पाहिलेले सांगण्याचा तो आनंद मोठा आहे आणि मी त्यावर वाढले. एलियटने वायमारवरचे दोन लेख सोडले तर प्रवासवर्णन असे छापले नाही. तिच्या प्रवासाच्या वह्या तिच्या पेटीत राहिल्या. जे पाहिले ते तिने आपल्या माणसांच्या डोळ्यांत घातले आणि मग त्यांना पाहायला लावले.

1872 मध्ये होम्बुर्गच्या जुगारघरात तिने एक तरुण मुलगी पाहिली. टेबलावर पैसे लावत असलेली, भान हरपलेली, लॉर्ड बायरनच्या नात्यातली. ते कोवळे तोंड त्या निबर चेहऱ्यांच्या घोळक्यात पाहून तिला रडू आले. तिथून 'डॅनिएल डेरोंडा' निघाली. प्रागमधले जुने सिनेगॉग, फ्रँकफर्टची ज्यू वस्ती, पन्नाशी उलटल्यावर नेटाने चालवलेले हिब्रू, हे सगळे त्या कादंबरीत आहे. तिच्याविषयी बोलायला आणखी एक संध्याकाळ लागेल.

30 नोव्हेंबर 1878 ला ल्यूइस गेला. कित्येक आठवडे ती कोणाला भेटली नाही. पुढे कौटुंबिक स्नेही जॉन क्रॉस याच्याबरोबर तिने दान्ते वाचायला घेतला. क्रॉसला इटालियन जेमतेम येत होते. ओळ घ्यायची, शब्द सोडवायचे, पुढे जायचे. असे करत दोघांनी 'इन्फर्नो' आणि 'पुर्गातोरिओ' वाचून काढली. 6 मे 1880 ला त्यांनी लग्न केले आणि दोघे इटलीला निघाले. ती साठ वर्षांची होती.

तिचा सख्खा भाऊ आयझॅक गावीच राहिला होता, ती ज्या घरात वाढली त्या ग्रिफ हाउसमध्ये. ल्यूइसबरोबर राहत असल्याचे 1857 मध्ये कळवल्यावर त्याने वकिलाकरवी उत्तर धाडले होते आणि त्यानंतर तेवीस वर्षे एक ओळ लिहिली नव्हती. 'द मिल ऑन द फ्लॉस'मधली मॅगी आणि टॉम ही भावंडे कोण, ते सर्वांना ठाऊक होते. आता बहीण कायद्याने लग्न करती झाली तेव्हा त्याने मोजक्या शब्दांत अभिनंदनाचे पत्र लिहिले. ते तिला इटलीत मिळाले. तिने लगेच उत्तर पाठवले: पत्राने फार आनंद झाला, आणि लहानपणापासूनची तुझ्याविषयीची माया या एवढ्या अबोल्यातही कधी तुटली नव्हती.